भिंगरीचा बाप

भिंगरी घरी आली तेव्हा नऊ आठवड्यांची होती. त्या दिवसापासून मी भेटेल त्याला सांगत आले की हिचा बाप आयजीपी ३ आहे, म्हणजे कामाच्या कुत्र्यांच्या परीक्षेची तिसरी पायरी पास झालेला. चार वर्षं सांगितलं. मैदानावर सांगितलं, डॉक्टरांच्या टेबलापाशी सांगितलं. आयजीपी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची हौसही नाही, त्यांना तर जरा जास्तच सांगितलं. गेल्या हिवाळ्यात कळलं की ते खरं नाही.

मला कुणी फसवलं असतं तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

भिंगरी जर्मन शेफर्ड, वर्किंग लाइनची, म्हणजे कामासाठी जोपासलेल्या वंशातली. माग काढण्यात तिचं डोकं आणि नाक दोन्ही चालतं. तिचं एकच वेत घ्यायचं आणि पिल्लं कामाला कुत्रा हवा असणाऱ्यांनाच द्यायची, असं ठरवून मी ओळखीच्या दोन-तीन ट्रेनरांच्या कानावर घातलं होतं. आठवड्याभरात एका बाईंचा फोन आला. हरवलेली माणसं शोधणाऱ्या पथकासाठी त्या कुत्रे तयार करतात. मी माझी नेहमीची टेप लावली: बाप आयजीपी ३, आजोबा पोलिसात, बापाचे हिप्स, म्हणजे खुब्याचे सांधे, 'ए', अगदी निर्दोष. त्यांनी मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, बापाच्या स्कोअरबुकाच्या सगळ्या पानांचे फोटो मिळतील का? आणि त्याचा चिप नंबर?"

मला राग आला. लपवायचं काही होतं म्हणून नव्हे; मी सांगितलेलं पुरेसं नाही, याचा. संध्याकाळी पाठवते म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी फोल्डर उघडला. भिंगरीची पेडिग्री, म्हणजे वंशावळ, होती. बापाच्या स्कोअरबुकाच्या, म्हणजे परीक्षांच्या निकालांच्या वहीच्या, एका पानाचा फोटो होता. चाळीसेक सेकंदांचा एक व्हिडिओ होता, त्यात एक काळाभोर कुत्रा हेल्परच्या, म्हणजे सरावात कुत्र्याचा हल्ला झेलणाऱ्या माणसाच्या, बाहीला लटकलेला. बस्स. चार वर्षं मी ज्याला 'कागदपत्रं' म्हणत होते ते एवढंच. आणि पेडिग्रीत बापाचं नाव होतं कार्लो, तर स्कोअरबुकाच्या पानावर होतं कास्को.

ज्यांना जर्मन पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथे एका ब्रीडरच्या पहिल्या वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं 'ए'ने सुरू होतात, दुसऱ्या वेताची 'बी'ने, असं पुढे जातं. मागे केनेलचं नाव सगळ्यांना सारखंच. त्यामुळे सख्खे भाऊ कागदावर जुळ्यांसारखे दिसतात. जन्मतारीख तीच, आईबाप तेच, केनेल तेच, पहिलं अक्षरही तेच. माझी नजर दर वेळी 'सी' बघायची, केनेलचं नाव बघायची आणि पुढे सरकायची. मधली दोन-तीन अक्षरं मी कधी वाचलीच नव्हती.

भिंगरी ज्यांच्याकडून घेतली त्या काकांना फोन केला. काका सरळ माणूस. त्यांनाही धक्का बसला. दोन दिवस जुने मेसेज चाळून त्यांनी मला जे पाठवलं त्यावरून सगळा उलगडा झाला. त्यांना कार्लो विकणाऱ्या माणसाने लिहिलं होतं, "या वेतातला एक नर आयजीपी ३ झालाय, हिप्स ए, सोबत त्याचं पान पाठवतोय." तो माणूस कार्लोच्या भावाबद्दल बोलत होता आणि खरं बोलत होता. काकांच्या मनात त्याचं झालं, "वेत आयजीपी ३चं आहे." माझ्यापर्यंत येईतो उरलं, "बाप आयजीपी ३ आहे." तिघांपैकी एकानेही खोटं सांगितलेलं नाही. 'या वेतातला एक' हे तीन शब्द तेवढे वाटेत गळून पडले.

कागदही खोटा नव्हता, हे मला सगळ्यात जास्त टोचलं. आपण खोटा शिक्का, खाडाखोड शोधत बसतो. शिक्का अस्सल होता, परीक्षकाची सही अस्सल होती. फक्त कुत्रा दुसरा होता.

तेव्हापासून मी आधी चिप बघते, कागद नंतर. मानेच्या कातडीखाली बसवलेल्या या चिपचा क्रमांक पंधरा अंकी असतो. पहिल्या तीन अंकांतून देश किंवा चिप बनवणारी कंपनी कळते: २७६ म्हणजे जर्मनी, ५२८ म्हणजे नेदरलँड्स, आणि ९०० किंवा त्यापुढचा आकडा असेल तर बहुधा कंपनीचा संकेतांक. 'जर्मनीहून आणलेला' म्हणून दाखवलेल्या कुत्र्याच्या चिपची सुरुवात ९ने झाली म्हणजे लबाडी पकडली असं होत नाही, पण पुढचा प्रश्न विचारायला निमित्त मिळतं. एका वेताला लावलेल्या चिपा बऱ्याचदा एकाच पाकिटातल्या असतात, म्हणून भावंडांचे क्रमांक लागोपाठ येतात. कार्लो आणि कास्कोमध्ये शेवटचा एकच अंक वेगळा निघाला. हे सगळे अंक फोनवर मोठ्याने वाचायचे नसतात, समोरासमोर ठेवून बोट फिरवायचं असतं. आणि त्याआधी रीडर कुत्र्याच्या मानेवरून फिरवायचा. कागदावरचा क्रमांक कागदावरच्या दुसऱ्या क्रमांकाशी जुळला तर दोन कागद एकमेकांचे आहेत एवढंच सिद्ध होतं. कुत्रा त्यात अजून आलेलाच नसतो.

स्कोअरबुकाचं एकच पान का चालत नाही, हेही त्या बाईंमुळे कळलं. त्या वहीत पास झालेल्या ट्रायल्सबरोबर नापास झालेल्याही नोंदवल्या जातात. तारीख, ठिकाण, परीक्षक, गुण, सगळं. आयजीपीचे तीन भाग: माग, आज्ञापालन, संरक्षण. प्रत्येकी १०० गुण, आणि पास व्हायला प्रत्येकात किमान ७०. म्हणजे ७१-७३-७० मिळवणारा कुत्रा आयजीपी ३ आणि ९७-९५-९८ मिळवणाराही आयजीपी ३. 'टायटल आहे' या वाक्यात दोघे शेजारी बसतात. तिसऱ्या प्रयत्नात घासून पास झालेला कुत्रा वाईटच असतो असं मी म्हणत नाही. हॅण्डलर, म्हणजे कुत्रा हाताळणारा, नवखा असेल, त्या दिवशी शेतात वारा सुटला असेल. पण मला माग काढणारं पिल्लू हवं असेल तर आईबापांचा मागाचा आकडा मला हवा, तीनही भागांची बेरीज घेऊन काय करू? कास्कोच्या त्या पानावर, गंमत म्हणजे, मागाला ७४ होते. इतकी वर्षं मी ज्या टायटलचा तोरा मिरवत होते, ते माझ्या कामाच्या बाबतीत जेमतेमच होतं.

तारखा बोलतात, फक्त वाचाव्या लागतात. आयजीपी १ला कुत्रा किमान अठरा महिन्यांचा लागतो, २ला एकोणीस, ३ला वीस, आणि तीनही पायऱ्या क्रमानेच चढाव्या लागतात. मध्यंतरी एकाने मला सोळा महिन्यांचा 'आयजीपी २' नर जोडीसाठी सुचवला होता. मी जन्मतारीख विचारली, त्याने प्रामाणिकपणे सांगितली, मग दोघांनीही बोटांवर हिशोब केला आणि विषय तिथेच संपला. नावांचंही तसंच. आयजीपी हे नाव २०१९पासूनचं. त्याआधी काही वर्षं आयपीओ म्हणत आणि त्याच्याही आधीच्या कुत्र्यांच्या नावापुढे शुट्झहुंडची अक्षरं असायची. २००५च्या सुमाराला काम केलेल्या पणजोबाला कुणी आयजीपी ३ म्हणालं तर तो खोटारडा ठरत नाही, जुन्याला नवं नाव लावायची सवय सगळ्यांनाच असते. मात्र त्याने मूळ कागद पाहिलेला नाही, एवढं मी मनात धरते. कागदावर ते अक्षरच नसणार ना.

पणजोबांवरून आठवलं. 'चॅम्पियन ब्लडलाइन' हा शब्द ऐकला की मी आता कितव्या पिढीत ते विचारते. आईबाप निम्मे-निम्मे, आजोबा सरासरी पाव, पणजोबा साडेबारा टक्के. पाचव्या पिढीतल्या पूर्वजाचा वाटा सरासरी तीन टक्क्यांच्या थोडा वर. जर्मन शेफर्डच्या पेडिग्रीत तर मागे मागे गेलात की सगळेच शेवटी होरांडपाशी पोचतात, १८९९ साली जर्मन संघटना स्थापन झाली तेव्हा नोंदवहीत पहिला लिहिला गेलेला तो कुत्रा. त्याचं नाव सांगून कुणी पिल्लू विकत नाही. पाचव्या पिढीतल्या चॅम्पियनचं सांगून मात्र विकतात.

आता 'आजोबा पोलिसात होते' याबद्दल. हे मी काकांना विचारलं तेव्हा ते हसले. "अगं, घेतला होता पोलिसांनी." घेतला होता, आणि? ट्रेनिंगमधून परत आला होता. सुमारे सव्वा वर्षाचा असताना चाचणीत निवडला गेला, काही महिने शिकवला, बंदुकीच्या आवाजाला बिचकायला लागला म्हणून परत दिला. म्हणजे पोलिसांत जाण्याइतका दमदार होता हे खरं, आणि आवाजाला टिकला नाही हेही खरं. माझ्यासारखीला यातलं दुसरं जास्त कामाचं, कारण बिचकणं रक्तातून खाली येऊ शकतं. आणि नेमकं तेच चार वर्षं कुणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. आता मी चार गोष्टी विचारते: काम कोणतं, गस्तीचं की वासाचं, किती वर्षं, प्रमाणपत्र कुणाचं, आणि थांबला तो का. चौथ्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस जितका अडखळतो तितकं मी लक्ष देऊन ऐकते.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर पेडिग्री नसलेला प्रत्येक कुत्रा संशयित वाटायला लागेल. नेदरलँड्समधल्या केएनपीव्ही या पोलीस-कुत्र्यांच्या संघटनेचं काम १९०७पासून चालू आहे, आणि तिथले कितीतरी मॅलिनॉय (बेल्जियन शेफर्डचा एक प्रकार) शुद्ध जातीचे कागद नसलेले, मिश्र रक्ताचे असतात. त्यांच्याकडे वंशावळीचा शिक्का नसतो, कामाचं प्रमाणपत्र असतं. मेंढ्या राखणाऱ्या बॉर्डर कॉलींची आयएसडीएस ही संस्था १९०६ची. तिथे आईबाप नोंदलेले नसले तरी कामात कस दाखवणाऱ्या कुत्र्याला ठरलेल्या चाचण्यांनंतर नोंदवहीत घ्यायची वाट आहे. कागद कशाचा आहे हे कळलं पाहिजे. वंशाचा कागद कामाबद्दल काही सांगत नाही आणि कामाचा कागद वंशाबद्दल.

हिप्सचं प्रकरण मला सगळ्यात महागात पडू शकलं असतं. 'ए' होते ते कास्कोचे. कार्लोचे एक्सरे कधी काढलेच नव्हते; भाऊ 'ए' म्हणून हाही 'ए', असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. काकांनी नऊ वर्षांच्या कार्लोला घेऊन जाऊन, भूल देऊन एक्सरे काढले, माझ्या एका शब्दाखातर. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांनी 'सी' दिला, म्हणजे सौम्य डिसप्लेसिया, सांधा नीट न बसण्याचा दोष. वय लक्षात घेऊनही 'सी'. भिंगरीचे स्वतःचे 'बी' आहेत, जवळपास नॉर्मल. एकटे तिचे पाहिले असते तर मी निर्धास्त राहून 'बी' किंवा 'सी'च्या नरालाही हो म्हटलं असतं. आता तिच्यासाठी असाच नर हवा की ज्याचे स्वतःचे 'ए' आहेत आणि ज्याच्या भावंडांचेही तपासलेले आहेत. एका कुत्र्याच्या आकड्यामागे भावंडांचे आकडे असले की तो आकडा जरा जास्त विश्वासाचा होतो.

असा एक नर शोधताना कुत्र्यांच्या सांध्यांचे एक्सरे तपासणाऱ्या अमेरिकेतल्या ओएफए या संस्थेचा दाखला हातात आला आणि मी त्या क्रमांकावरच खूश झाले. तिथल्या क्रमांकातच सगळी गोष्ट भरलेली असते: आधी जातीची अक्षरं, मग अनुक्रमांक, मग दर्जाचं अक्षर, तपासणीच्या वेळचं वय महिन्यांत, नर की मादी, आणि शेवटी ओळख पटवल्याची अक्षरं. वय २४ किंवा त्याहून जास्त असलं तरच हिप्सचा अंतिम निकाल. शेवटी 'व्हीपीआय' असेल तर एक्सरे काढताना डॉक्टरांनी चिप किंवा टॅटू स्वतः पडताळला. 'एनओपीआय' असेल तर कुत्र्याची कायमची ओळखच नोंदवलेली नाही. ज्या संस्थेने क्रमांकाच्या शेपटाकडे ही अक्षरं लावली, तिथे कुणाला तरी कधीतरी आपल्या कार्लो-कास्कोसारखा अनुभव आला असणार!

डीएनएने सगळं सुटतं असं मला वाटायचं. बरंच सुटतं. गालाच्या आतून काडी फिरवून नमुना घ्यायचा, पिल्लू, आई आणि बाप तिघांचा, मग या बापाचं हे पिल्लू असूच शकत नाही किंवा असणं जुळतं, असं प्रयोगशाळा सांगते. कुत्रीच्या एकाच वेतात दोन बापांची पिल्लं असू शकतात, तेव्हा एका पिल्लाचं जुळलं म्हणून सगळ्यांचं जुळलं असं धरता येत नाही. आणि संशयित बाप सख्खे भाऊ असतील तर नेहमीच्या चाचणीत दोघेही जुळताहेत असं दिसू शकतं. आधी सांगितलं तर ते जास्त खुणा तपासतात. आमच्या बाबतीत जोड कार्लोशीच लागली होती यात शंका नव्हती, तरी मी चाचणी करून घेतली. चार वर्षांनंतर एक तरी गोष्ट ऐकीव नको होती. कार्लोच निघाला.

डीएनएच्याच कागदांत आणखी एक खाच असते. पाठीच्या कण्याचा, मागचे पाय लुळे पडत जाणारा डीएम नावाचा आजार जर्मन शेफर्डमध्ये दिसतो. त्याच्या जनुकाची चाचणी आहे. काही कुत्र्यांच्या नावापुढे 'पालकांवरून क्लिअर', म्हणजे पालकांवरून निर्दोष, असं लिहिलेलं असतं. म्हणजे याची चाचणी झालेली नाही, आईबाप दोघे क्लिअर म्हणून हाही. गणित बरोबर आहे, बाप तोच असेल तोवर.

व्हिडिओबद्दल फार लिहीत नाही. कापलेला, संगीत लावलेला, स्वतःच्याच मैदानावरचा व्हिडिओ बघायला छान वाटतो.

वासाचं काम करणाऱ्या कुत्र्यांबद्दल मात्र लिहायला हवं, कारण इथे डोळ्यांदेखत फसायला होतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या एका प्रयोगात १८ हॅण्डलर-कुत्रा जोड्या घेतल्या होत्या. जागेत वास लपवलेलाच नव्हता, पण हॅण्डलरना वाटत होतं की आहे. १४४ फेऱ्यांपैकी एकही चुकीचा इशारा नसलेल्या फेऱ्या फक्त २१. सगळ्या जोड्या प्रमाणपत्र मिळवलेल्या होत्या. त्यामुळे "आमचा कुत्रा दाखवतो बघा" म्हणून जो कुत्रा दाखवला जातो, तो बऱ्याचदा मालकाचे खांदे वाचून दाखवत असतो. मी हे वाचलं तेव्हा भिंगरीचे माझेच कितीतरी 'अचूक' सराव आठवले. मागावरच्या वस्तू मीच ठेवल्या होत्या, मीच मागे दोरी धरून चालत होते.

त्या बाईंना मी चौथ्या दिवशी फोन केला. म्हटलं, बापाला टायटल नाही, हिप्स 'सी', आजोबा पोलिसांतून परत आलेले. बोलताना घसा कोरडा पडला होता. पलीकडे क्षणभर शांतता, मग कागदाचा आवाज. लिहून घेत होत्या. "बरं. आणि कुत्री स्वतः कशी आहे?"

"चांगली आहे," मी म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

"मग बघू या," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या, त्यांच्या पथकातल्या एका मुलाला घेऊन. त्याने सकाळीच नांगरलेल्या शेतात माग घालून ठेवला होता: सहाशे पावलं, चार वळणं, तीन वस्तू, आयजीपी ३ला असतो तसा. तासभर होऊ दिला. तो मुलगा गाडीत जाऊन पुस्तक वाचत बसला. माग कुठून गेलाय हे मलाही माहीत नव्हतं आणि त्यांनाही. त्यांनी मुद्दाम विचारलं नव्हतं. सुरुवातीच्या खुणेपाशी भिंगरीला नेण्याआधी त्यांनी खिशातून रीडर काढला आणि तिच्या मानेवरून फिरवला. चार वर्षांत भिंगरीचा चिप माझ्यासमोर कुणी वाचल्याचं मला आठवत नव्हतं.

दहा मीटरच्या दोरीच्या टोकाला मी, आणि पुढे ती, नाक ढेकळांत खुपसून. पहिलं वळण तिने सहज घेतलं. पहिल्या वस्तूपाशी आडवी झाली. तिसऱ्या वळणावर पुढे निघून गेली, थांबली, गोल फिरली. मला वाटलं डावीकडे असणार आणि मी हात अगदी घट्ट धरून ठेवला की दोरीतून काही जाऊ नये. ती उजवीकडे वळली. दुसरी वस्तू सापडली. शेवटपर्यंत गेली आणि तिसरी काही सापडली नाही. मुलगा गाडीतून उतरून आला, तिच्या मागे दहा पावलांवर ढेकळाआड पडलेला चामड्याचा तुकडा त्याने उचलून दाखवला.

"दोन मिळाल्या, एक सुटली. तिसऱ्या वळणाला गोल फिरली, स्वतः सावरली," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. मग वहीचं तेच पान माझ्यापुढे धरून त्यांनी वरच्या कोऱ्या ओळीत पंधरा अंक लिहिले, आणि मी एकेक अंक रीडरवर बघून त्यांना सांगत गेले.